पार्किंगमधला पांढरा डोंगर

अण्णा, यंदाच्या दिवाळीत मी आईला मस्कतला आणलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अरबस्तानात नेऊन तिला वाळूशिवाय काय दाखवणार आहेस?" तर सांगते, इथं वाळू फारशी दिसतच नाही, दिसतात ते डोंगर. घराच्या मागे डोंगर, ऑफिसच्या मागे डोंगर, रस्ता वळला की समोर पुन्हा डोंगरच. भूगोलाचे मास्तर असून तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. पुस्तकानं ओमान खजूर आणि खनिज तेल एवढ्यात उरकला होता आणि तुम्हीही तो तेवढ्यातच उरकायचात, कारण तुम्हाला आल्प्सकडे पळायची घाई असायची. विमानतळावरून घरी येताना आई गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. एक झाड नाही, गवताची काडी नाही, नुसते तांबूस करडे कडे. बराच वेळ बघून ती म्हणाली, "हे डोंगर कुणी भाजून काढलेत काय गं?" मी इतकी हसले की ह्यांनी गाडीचा वेग कमी केला.

तुम्ही गेलात त्यानंतर माझ्या आयुष्यात काय काय झालं, हे सगळं लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही. थोडक्यात सांगते. मी इथं बांधकामाच्या एका कंपनीत अंदाजपत्रकं करते. ह्यांची नोकरी सोहारला आहे, आठवडाभर तिकडे, गुरुवारी संध्याकाळी घरी. आणि तुम्हाला एक नात आहे, दहा वर्षांची. नाक तुमचं, हट्टही तुमचा. कुठलीही गोष्ट सांगताना हात हवेत नाचवायची खोडसुद्धा तुमचीच, आणि ही तिनं कुठून उचलली ते मला कळत नाही, कारण तिनं तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय आणि फोटोत तुम्ही हात खाली ठेवून अटेन्शनमध्ये उभे आहात.

पण ही नात मराठी बोलत नव्हती, अण्णा. समजायचं सगळं, बोलायची नाही. शाळेत इंग्रजी, बिल्डिंगमधल्या मल्याळी-तमिळ पोरींशी इंग्रजी, माझ्याशीही मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. आधी थोडंफार बोलायची. एकदा सुट्टीत जुन्नरला गेलो, तिथं तिच्या बोलण्याला मामेभावंडं फिदीफिदी हसली. पोरंच ती, हसायचीच. हिनं मात्र तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. आणि आईला इंग्रजी म्हणजे "थँक्यू" आणि "टेंपरेचर" एवढंच. आई तीन आठवड्यांसाठी आली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, पहिल्यांदा विमानात बसून आली, ती कशासाठी? मस्कतचे भाजलेले डोंगर बघायला नव्हे, नातीसाठी. आणि पहिले आठ दिवस दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या. आई विचारायची, "शाळेत काय केलंस गं बाळा?" ही म्हणायची, "नथिंग." मग आई माझ्याकडे बघायची. मी दुभाष्याचं काम करून करून कंटाळले. शेवटी एका दुपारी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोरगी गोड आहे. पण मी आले काय आणि गेले काय, तिला सारखंच." तिनं हे अगदी साध्या आवाजात म्हटलं, म्हणून जास्त लागलं. मला वाटलं, ही बाई पुन्हा काही एवढ्या लांब यायची नाही, आणि ह्या दोघी अशाच एकमेकींना परक्या राहणार.

तुमच्या डोंगराची गोष्ट मात्र पोरीला माहीत होती, ती मी सांगितलेली, अर्धी मराठीत अर्धी इंग्रजीत. तुम्ही जशी सांगायचात तशी मला कधीच जमली नाही, कारण माझ्याकडे तुमचं ताट नव्हतं. आपलं जुन्नरचं स्वयंपाकघर, आई चुलीपुढं, आम्ही तिघं भावंडं ओळीनं, आणि तुम्ही पाटावर. भात वाढला की तुम्ही तो हातानं उभा रचता, वर तूप सोडता. हा बर्फ. बाजूनं वरणाची दरी. लिंबाची फोड म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गाव. डोंगराचं नाव तुम्ही इंग्रजी अक्षरं जशी दिसतील तशी वाचायचात, मॉन्ट ब्लँक. तुमच्या नातीनं मला सुधारलंय, मों ब्लां म्हणायचं, आणि त्याचा अर्थ पांढरा डोंगर. अर्थ तुम्हाला माहीत होता. "त्यांचा धवलगिरी," म्हणायचात. आणि तूप तुमच्या भातावरून ओघळत असायचं, वरण निवत असायचं आणि आई पाठमोरीच म्हणायची, "आधी जेवा, मग डोंगर चढा. गार झालं सगळं."

तुम्ही कुठले ऐकायला! दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या गावच्या लोकांची पक्की समजूत की बर्फावर रात्र काढली की माणूस सकाळी उठत नाही. माथ्यावर कोणी गेलेलं नाही, जायचं कारणही नाही, वर ना गवत ना गुरं. आणि त्या गावात एक डॉक्टर, आणि एक गडी, जो कड्याकपारीतून स्फटिक शोधून विकायचा. इथं तुम्ही उजव्या हाताची दोन बोटं भातावर चालवायला लागता. दोघं निघाले. दोर नाही, तंबू नाही, लांब काठ्या तेवढ्या हातात. रात्र खडकांवर काढली, आणि सकाळी उठले! मग दिवसभर भुसभुशीत बर्फ, मांडीमांडीपर्यंत. खाली गावात लोक दुर्बीण लावून बसलेत, दोन ठिपके सरकताहेत. वाऱ्यानं डॉक्टरची टोपी उडाली. (इथं तुम्ही खरंच टोपी उडवायचात, ती एकदा आमटीच्या पातेल्यात पडली होती.) आणि सूर्य कलता कलता ते माथ्यावर! उतरताना बर्फाच्या चकाकीनं डॉक्टरला दिसेनासं झालं, तर त्या गड्यानं त्याला सांभाळून खाली आणलं. तुम्ही मला एकदा आपल्याच डोंगरात सापडलेली एक पांढरी, काचेसारखी गार आणून दिली होतीत. "असल्या गारांसाठी फिरायचा तो," म्हणालात. ती मी इथं आणलीय, पोरीच्या टेबलावर असते.

आणि मग त्या मोलकरणीची गोष्ट. डॉक्टरनंतर वीसेक वर्षांनी त्याच गावच्या खानावळीत राबणारी एक बाई. गावातले वाटाडे तिला म्हणाले, चल, तुलाही वर नेतो, नाव होईल तुझं. ती निघाली. वरच्या बर्फात तिचं धैर्य संपलं, श्वास लागला, पाय उचलेनात. असं म्हणतात की ती म्हणाली, मला त्या भेगेत टाका नि तुम्ही पुढं जा. त्यांनी टाकली नाही. कोणी ओढली, कोणी ढकलली, कोणी बखोटीला धरून चालवली आणि वर नेली. त्या माथ्यावर गेलेली पहिली बाई. पुढं तिनं गावाजवळच्या कुरणात खाण्यापिण्याचं छोटं दुकान थाटलं, आणि लांबलांबचे लोक नुसतं तिला बघायला यायचे. मी तेव्हा असेन माझ्या लेकीएवढीच. मी शहाणपणानं म्हटलं, "मग ती कुठं चढली? तिला तर उचलून नेली." तुमचा घास हातातच राहिला. "तुझा डबा कोण भरतं?" तुम्ही विचारलंत. "आई." "गणित कोण घेतं?" "तुम्ही." "पुस्तकं?" "दादाची जुनी." "मग मार्चमध्ये पास कोण होतं? आम्ही सगळे, की तू?" मी भात चिवडायला लागले. "वर पोचलेल्या माणसाला असलं विचारायचं नसतं," म्हणालात, आणि पुढचा घास घेतलात. त्या रात्री मला माझं नि तुमचं, दोघांचंही ताट घासायला लावलंत. रागवायची तुमची ही एवढीच पद्धत होती, पण मला ती छडीपेक्षा झोंबायची.

आता पार्किंगचं सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये पाच-सहा मराठी घरं आहेत आणि दरवर्षी पोरं दिवाळीचा किल्ला करतात, खाली पार्किंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी. दगड डोंगराकडून, माती रोपवाटिकेतून पोत्यानं, आणि गोणपाट म्हणून बासमतीची पोती. ती इथं ढीगभर मिळतात. घरमालकाची, म्हणजे आमच्या अर्बाबची, परवानगी तळमजल्यावरचे भाऊ काढतात. हे भाऊ मालवणचे, एसी दुरुस्तीच्या कामावर फोरमन, आणि किल्ल्याचे कायमचे ठेकेदार. यंदा पोरांनी प्रतापगड म्हटलं तर आमची बाई उठून म्हणाली, "आय वाँट टू मेक आजोबाज माउंटन." भाऊंनी डोकं खाजवलं. "अगो, पण मगे महाराज खंय बसतले?" प्रश्न बरोबर होता. महाराजांना बर्फात कसं बसवायचं? मग भाऊंनीच तोड काढली. मोठा डोंगर आल्प्सचा, आणि समोर एक बुटका, रुबाबदार गड आपला, त्यावर महाराज, मावळे, तोफा सगळं जागच्या जागी. "महाराज आपल्या गडावरसून तेंचो डोंगर बघतत. खलास," भाऊ म्हणाले, आणि पोती चिखलात बुडवायला लागले.

रविवारी चिखल लिंपून झाला. डोंगर माझ्या कमरेएवढा उभा राहिला, टोकाला बोथट, अगदी तुमच्या भातासारखा. पोरीनं ठरवलं होतं की गुरुवारी शाळेतून आलं की पांढरी रांगोळी चाळणीनं चाळून बर्फ पाडायचा, कारण इथं दिवाळी शुक्रवारी येते. तिथी कुठलीही असो, सुट्टी शुक्रवारी, म्हणून सगळ्यांना फराळाचं आमंत्रणही शुक्रवारीच. बर्फाचा सगळा बेत पोरीच्या डोक्यात होता. तो आईला कोणी सांगितला नाही. कोण सांगणार? दोघींचं बोलणंच नव्हतं. आणि आईनं खाली उतरून बघितलं तर एवढा मोठा किल्ला, आणि बोडका! हळीव पेरायचं पोरं विसरली, असं तिला वाटलं. लाडवांसाठी जुन्नरहून हळीव आणलेलं होतंच. तिनं भिजवलं, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत हातानं छान पसरलं, आणि पोरगी शाळेत गेली की रोज सकाळी तांब्या घेऊन खाली जाऊन गुपचूप पाणी शिंपडू लागली. पोरांची परीक्षा चालू, दिवसाउजेडी कोणी तिकडे फिरकत नव्हतं, आणि संध्याकाळी अंधारात कोणाला काही दिसत नव्हतं. इथली हवा उबदार, हळीव तरारलं. गुरुवारी दुपारी पोरगी रांगोळीच्या पिशव्या घेऊन पार्किंगमध्ये आली तेव्हा मों ब्लां पार माथ्यापर्यंत हिरवागार झाला होता.

मी वरून तिची किंकाळी ऐकली आणि धावत खाली गेले. "शी स्पॉइल्ड माय ग्लेशियर!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. आई तांब्या घेऊन शेजारी उभी, कौतुकाची वाट बघत. मला विचारते, "काय म्हणते गं ती?" मी म्हटलं, "म्हणते, छान उगवलंय." आईनं माझ्याकडे बघितलं. "छान उगवलं की असं रडतात होय?" दुभाष्याचं माझं काम त्या क्षणी संपलं, अण्णा, कारण पोरगी सरळ आईकडे वळली आणि ओरडली, "आज्जी! तिथं झाड नसते! तिथं बर्फ! सगळीकडे बर्फ! तिथं काही उगवत नाय!" हात हवेत. वर्षभरात तिच्या तोंडून निघालेली पहिली मराठी वाक्यं, आणि तीही भांडायला. मला हसावं की रडावं कळेना. आई मात्र जराही दुखावली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि विचारलं, "कुठवर बर्फ असतो? दाखव."

पोरीनं नाक पुसलं आणि बोटानं रेघ दाखवली. "इथून वर."

"आणि खाली?"

"खाली... खाली ग्रास. गाय असते."

"म्हणजे कुरण. मग खालचं राहू दे. जा, कात्री आण."

पोरगी कात्री घेऊन आली, आणि दोघी त्या डोंगराची हजामत करायला बसल्या. आई कापतेय, पोरगी गोळा करतेय. "अजून वर, आज्जी." "हे बघ, हे राहिलं." "इथं दगड आहे, सांभाळ." चुकत होती, अडत होती, मधेच इंग्रजी शब्द घुसडत होती, पण बोलत होती. मी मुद्दाम दूर जाऊन भाऊंच्या गाडीला टेकून उभी राहिले. भाऊ कामावरून आले, बघितलं, आणि कुजबुजले, "हेंका कोणी डिस्टर्ब करू नको." मग चाळणीतून बर्फ पडला. पायथ्याशी हिरवं कुरण, वर पांढरा शुभ्र डोंगर. कापलेल्या हळिवाचे काही हट्टी कोंब रांगोळीतून डोकं वर काढत होते. आई म्हणाली, "राहू देत. बर्फ थोडा वितळलाय असं सांग." कापलेल्या हळिवाची तिनं संध्याकाळी कोशिंबीर केली. वाया जाऊ द्यायची नाही ना काही.

शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पणत्या, पत्रावळीऐवजी कागदी बशा, चकल्या, करंज्या. सगळी मराठी घरं, वरच्या मजल्यावरचे मल्याळी शेजारी, आणि शेवटी पांढऱ्या पायघोळ दिशदाशात आमचा अर्बाब, हातात हलव्याचा डबा. त्यानं डोंगराभोवती एक फेरी मारली. "जबल शम्स?" त्यानं विचारलं. ते इथलं सगळ्यात उंच शिखर, आणि त्याला वाटलं आम्ही त्याचाच डोंगर केलाय. युरोपचा आहे म्हटल्यावर त्यानं मान हलवली. "अवर जबल बेटर," म्हणाला, आणि खुर्चीवर ऐसपैस बसून करंजी उचलली. रीत अशी की किल्ला करणाऱ्या पोरानं उभं राहून किल्ल्याची माहिती सांगायची, आणि सांगायची मराठीतच. मी पोरीला म्हटलं होतं, इंग्रजीत सांग हवं तर, कोणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, "नो. आज्जीला कळायला पाहिजे." ती पुन्हा अडली असती, कोणी हसलं असतं, तर ह्या वेळी ते कुलूप कायमचं बसलं असतं.

सुरुवात बरी झाली. "हा पांढरा डोंगर. खूप उंच. लोकांना वाटायचं तिथं रात्री झोपला तर मरते." भाऊ म्हणाले, "सांग गो बाय, सांग." डॉक्टर आला, गडी आला, दोघं खडकावर झोपले, सकाळी उठले. टोपी उडाली, आणि हिनं डोक्यावरची नसलेली टोपी हवेत फेकली. मी तुमच्या फोटोची शपथ घेऊन सांगते, अगदी तस्सा हात. मग डॉक्टरच्या डोळ्यांपाशी आली आणि अडली. बर्फाच्या चकाकीनं डोळे दिपले, हे कसं सांगायचं ते तिला सुचेना. मागच्या रांगेत दोन पोरं खुसखुसली. तिची नजर माझ्याकडे आली आणि मला, लाज वाटते सांगायला, मलाही त्या क्षणी काही सुचेना.

"त्याचे डोळे दिपले," खुर्चीतून आवाज आला. आईचा. "इतकं पांढरं बघून बघून दिसेनासं झालं बिचाऱ्याला. मग गडी काय म्हणाला?"

पोरगी म्हणाली, "गडी म्हणाला... चला, डॉक्टर."

"चला डॉक्टर! आणि धरलान हात!" हे भाऊ. सगळे हसले, पण ते हसणं वेगळं होतं, आणि पोरगीही हसली. मग काय विचारता! मोलकरीण बर्फात बसली तेव्हा पोरगी अडली की आई सांगायची, आई थांबली की पोरगी. शब्द मिळेना की कोणीतरी खुर्चीतून टाकायचं. वरच्या मजल्यावरच्या मल्याळी काकूंनीसुद्धा हिंदीत एक शब्द टाकला. "तिला ओढली," पोरगी म्हणाली. "ढकलली," आई म्हणाली. "खूप रडली." "रडेल नाही तर काय, पायांत धड काही नसेल, सकाळी भांडी घासून निघालेली बाई." "आणि मग..." पोरीनं दोन्ही हात वर केले, "पोचली! वर पोचली!" टाळ्या! अर्बाबला एक अक्षर कळलं नव्हतं, पण सगळ्यांत जोरात तोच वाजवत होता. पोरगी धावत गेली ती थेट आईच्या मांडीवर, दहा वर्षांची घोडी, आणि आईच्या हातातली चहाची कपबशी लवंडली. मी रडले, अण्णा. आनंदानं रडतात म्हणतात ना, ते मला आजवर खोटं वाटायचं.

शनिवारी सकाळी चहा करताना मी आईला विचारलं, "तुला ती गोष्ट एवढी कशी गं पाठ? तू तर कधी ऐकत नव्हतीस." तुम्हीसुद्धा हेच म्हणायचात की, हिच्यापुढं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! आई आलं किसत होती. म्हणाली, "ऐकत नव्हते कोण म्हणतं? तुम्ही पोरं ताटावरच पेंगायचात. तुम्हाला अंथरुणावर टाकलं की ते परत पाटावर येऊन बसायचे आणि राहिलेली मला सांगायचे. मी भांडी आवरता आवरता ऐकायची." मग आल्याची किसणी आपटून ती म्हणाली, "आधी ती बाई नव्हतीच गोष्टीत. नुसता डॉक्टर नि तो गडी. मी एकदा विचारलं, त्या गावात बायका नव्हत्या का? कोणी गेलीच नाही वर? माहीतच नव्हतं त्यांना. मग त्यांनी शाळेतली पुस्तकं पालथी घातली, तिथं नाही मिळालं तर सुट्टीच्या दिवशी एसटीनं पुण्याला गेले, लायब्ररीत. संध्याकाळी आले ते दारातूनच ओरडत, 'अगं, सापडली! मोलकरीण होती!' चप्पलसुद्धा काढली नव्हती." आणि आई हसली. तिला असं लाजून हसताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

आई आता जुन्नरला परत गेलीय. दर शुक्रवारी सकाळी फोन येतो तो माझ्यासाठी नसतो. आत खोलीत दार लावून तासभर दोघी बोलतात, आणि पोरीच्या बोलण्यात हल्ली "व्हय गं" आणि "कशापायी" यायला लागलंय. शाळेतल्या मराठी मैत्रिणी तिला हसतात म्हणे. तिला काही वाटत नाही, उलट त्यांनाच सुनावते की हे ओरिजनल आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, आईला तर मुळीच दाखवायचं नाही. म्हणून एक गोष्ट फक्त तुम्हालाच सांगते. आईनं त्या सकाळी ते सांगितलं तेव्हा मी हसले, तिला मिठी मारली, चहाचे कप भरले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ फुगून बसले. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आमच्या अण्णांनी ती मोलकरीण माझ्यासाठी शोधली, लेकीनं मोठं व्हावं म्हणून. तुम्ही ती तुमच्या बायकोसाठी शोधली होतीत. मला इतका आनंद झाला, अण्णा, आणि इतका हेवा वाटला, की दोन्ही एकदम कुठं ठेवायचं ते मला कळेना.